कॉलेजचा १२ दिवसांचा परदेश अभ्यासदौरा: मुलीला पाठवावं का?

धामकाठ

नमस्कार मंडळी. आर्वीकडे साडेसहा एकर शेती आहे, त्यातल्या दीड एकराला विहिरीचं पाणी पोचतं. मुलगी बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज खाजगी. गेल्या आठवड्यात पालकांची बैठक झाली. दिवाळीच्या सुट्टीत १२ दिवसांचा ‘आंतरराष्ट्रीय अभ्यासदौरा’ काढताहेत. नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स. सोबत दोन प्राध्यापक. खर्च २ लाख ३५ हजार. पहिला हप्ता ५० हजार, १५ ऑगस्टच्या आत भरायचा, भरला की परत मिळणार नाही.

लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० धरला तर हे २९ क्विंटल होतात. चांगल्या वर्षी माझ्या घरात जेवढा कापूस येतो, जवळपास तेवढाच.

मुलगी तोंडानं काही म्हणत नाही. पण ते रंगीत पत्रक तिनं दप्तरात न ठेवता कोनाड्यात ठेवलंय, जिथं माझा चष्मा असतो. रोज सकाळी चष्मा घेताना हातात तेच येतं.

कोणाची मुलं अशी गेली आहेत का? खरंच काही शिकून येतात का? पत्रकात लिहिलंय ‘प्रत्यक्ष शेतीतंत्रज्ञानाचा अनुभव’.

रिकामटेकडा_पुसद

पहिला! आता धागा वाचतो.

कापूसकोंड्या

भाऊ, हिशोब मांडून पाहा. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस. राह्यले दहा. त्यात चार देश. म्हन्जे एका देशाले अडीच दिवस, त्यात बसमधलं बसनं वेगळं. पोट्टी शेती पाहीन कवा? बसच्या खिडकीतून तं आमीबी समृद्धी महामार्गावून सारी शेती पाह्यली, मंग आमाले डिग्री द्या ना बाप्पा.

वरुडची_संत्री

धामकाठ भाऊ, पत्रकावर फोटो कसला आहे हो?

धामकाठ

@वरुडची_संत्री ताई, ट्यूलिपचं शेत आहे. लाल-पिवळ्या ओळी, मागं पवनचक्की.

वरुडची_संत्री

मग एक सांगते. ट्यूलिप तिकडे एप्रिलच्या आसपास फुलतात. क्यूकेनहॉफची ती प्रसिद्ध बागसुद्धा मार्च ते मे अशी जेमतेम आठ आठवडे उघडी असते. दिवाळीच्या सुमारास शेतकरी ट्यूलिपचे कंद जमिनीत लावत असतात. तुमची मुलगी गेली तर तिला दिसेल नांगरलेली काळी जमीन. ती आपल्या बांधावर फुकट दिसते.

आता खरं बोलायचं तर शेतीच्या विद्यार्थिनीनं कंद लावणीच बघायला हवी, फुलं बघून तिला काय करायचंय? पण पत्रक ज्यानं छापलं त्याला हे माहीत असतं तर त्यानं तो फोटो टाकला नसता. तिथंच माझा विश्वास उडाला.

रिकामटेकडा_पुसद

ताई, सिक्सर!! वाचनखूण साठवली.

मास्तर_निवृत्त

मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची काही वर्षं मुलांचे दौरे नेले. दोन देशाबाहेर, बाकी देशात. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

प्राध्यापकानं मुलांना घेऊन परदेशी जायचं ही कल्पना जुनी आहे. जुलै १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे रेमंड कर्कब्राइड नावाचे प्राध्यापक आठ विद्यार्थ्यांना बोटीनं फ्रान्सला घेऊन गेले. पॅरिसच्या वर्गात बसण्याआधी त्यांनी मुलांना नान्सी गावात नेऊन फ्रेंच पक्कं करून घेतलं. तो दौरा वर्षभराचा होता. आता काळ आखूड झालाय. करोनाआधी अमेरिकेतून वर्षाला साडेतीन लाखांच्या घरात विद्यार्थी बाहेर जात, त्यातले दोन तृतीयांशांच्या आसपास आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळासाठी. म्हणजे छोटा दौरा हा काही आपल्याकडचा जुगाड नाही.

फरक पडतो तो असा. तिकडे हा दौरा म्हणजे एक विषय असतो. प्राध्यापक जाण्याआधी काही आठवडे वर्ग घेतो, वाचायला देतो. तिथं गेल्यावर बहुतेक वेळ एकाच ठिकाणी राहतात. परत आल्यावर निबंध, सादरीकरण, त्यावर गुण आणि श्रेयांक (क्रेडिट). जो मास्तर विषय शिकवतो तोच सोबत असतो आणि काय बघायचं हे तोच ठरवतो. आपल्याकडे बऱ्याचदा ते ट्रॅव्हलवाला ठरवतो आणि मास्तर डोकी मोजतो. मीही मोजलीत. पहिल्या दौऱ्यात मी तेवढंच केलं, खोटं का बोलू?

म्हणून कॉलेजला एवढंच विचारा: हा दौरा कुठल्या विषयाचा? श्रेयांक किती? जाण्याआधी वर्ग किती? एका मुक्कामी सलग किती रात्री?

कापूसकोंड्या

मास्तर, आनखी एक इचारा. त्या दोन मास्तरांचं तिकीट कोनाच्या खिशातून?

मास्तर_निवृत्त

@कापूसकोंड्या मुलांच्याच पैशातून. अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी प्राध्यापकाचा प्रवास आणि मुक्काम दौऱ्याच्या फीतच धरलेला असतो. त्यात गैर नाही. पण तो मास्तर तिथं शिकवणार असेल तर ती फी, नाहीतर ती वर्गणी.

सेलूची_सून

मी उलट्या बाजूनं लिहिते. आमच्याकडे परदेशातली मुलं आली होती.

चार वर्षं झाली असतील. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापक बाई १४ मुलांना घेऊन आमच्या गावात तीन आठवडे राहिल्या. विषय कापूस. दोन-दोन मुलं एकेका घरी. आमच्याकडे दोघी होत्या. सकाळी वेचणीला बायांसोबत शेतात, दुपारी त्या बाई शाळेच्या व्हरांड्यात वर्ग घ्यायच्या. एक आठवडा फक्त वेचणी आणि मजुरी. पुढचा आठवडा जिनिंग, गाठी, बाजार समिती. शेवटी एक दिवस सेवाग्राम, आणि वर्ध्याचं मगन संग्रहालय. ते गांधीजींच्या काळातलं, १९३८ सालचं, खादी आणि ग्रामोद्योगाचं आहे. एवढंच फिरणं. ताजमहालसुद्धा पाहिला नाही त्यांनी. माझ्या सासूबाईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं. “एवढ्या दुरून आल्या न् ताजमहाल नाही? बाईनं पोरींचे पैसे खाल्ले काय?”

आमच्याकडच्या एका मुलीनं वेचणीच्या पहिल्या दिवशी तीन किलो कापूस वेचला, बोटं रक्ताळली. आमच्या बाया रोजचा ३०-४० किलो वेचतात. रात्री तिनं वहीत लिहिलं आणि मला विचारलं, किलोमागे किती मिळतात? मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं अंगातला टी-शर्ट काढून त्याचं लेबल वाचलं. आत दुसरा होता, घाबरू नका.

त्यामुळे शिकतात का, तर शिकतात. ती नक्की शिकली.

पण एक खुपतं ते पण लिहिते. जाताना त्या बाई म्हणाल्या होत्या, मुलांनी लिहिलेलं सगळं गावाला पाठवू. आजपर्यंत काही आलं नाही. दोनदा ईमेल केली. आमच्या बायांनी तीन आठवडे त्यांच्या प्रश्नांची उत्तरं दिली, मजुरी सांगितली, कर्ज सांगितलं, नवऱ्याचं पिणंसुद्धा सांगितलं. ते कुठल्या वहीत गेलं कोणास ठाऊक.

बांधावरचा_बाभूळ

सेलूची_सून, हेच! आपलं गाव म्हणजे यांची प्रयोगशाळा. कर्ज, आत्महत्या, कुपोषण बघायला सगळे विदर्भात येतात. मेळघाटात तर एक गट गेला की दुसरा हजर. आपल्या पोरांना तिकडे कोण घरात ठेवून घेतं?

सेलूची_सून

@बांधावरचा_बाभूळ तितकं कडू नाही माझं. राहण्याचे पैसे रोजच्या रोज दिले त्यांनी, आणि चांगले दिले. त्या पैशात आम्ही मोरी बांधली. सासूबाई अजून तिला ‘अमेरिकेची मोरी’ म्हणतात.

रिकामटेकडा_पुसद

अमेरिकेची मोरी 😂 धागा वसूल.

अंबानगरीकर

अवांतर, पण आमच्या अमरावतीचा विषय निघाल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जाऊन कबड्डीसकट देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. शिक्षक आणि पोरं, बोटीनं. म्हणजे वऱ्हाडातून परदेश दौरे ९० वर्षांपासून चालू आहेत. आणि ते बघायला नाही, दाखवायला गेले होते. आजच्या दौऱ्यांत मुलं तिकडे काय दाखवतात? सेल्फी.

बांधावरचा_बाभूळ

पापळचे पंजाबराव देशमुख तर स्वतः विलायतेत शिकून आले, पण केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. परदेशच इथं आणला! माझं म्हणणं तेच आहे. नेदरलँड्स आख्खा देश विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान. आपलं आपण कुठं पाहिलंय? त्या पोरीला दहा दिवस मेंढा-लेखात राहू द्या. गडचिरोलीतलं एवढंसं गाव, २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांतलं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. तिथं सगळे निर्णय सर्वसहमतीनं होतात, मतदान नाही. मग लोणारला जा, उल्केच्या आघातानं बेसॉल्टात झालेलं विवर जगात दुर्मीळ आहे, त्यासाठी बाहेरचे शास्त्रज्ञ इथं येतात. चिखलदऱ्याला कॉफी बघा. खर्च दहा हजार.

धामकाठची_लेक

बाबांच्या फोनवर हा धागा वाचला म्हणून खातं काढलं. मीच ती मुलगी.

बाभूळ काका, मेंढा-लेखाला मी जाऊन आले आहे, एनएसएसच्या कॅम्पला, पाच दिवस. लोणारही पाहिलंय. तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. पण एक विचारू? पुण्या-मुंबईच्या मुलीला दौऱ्याचं पत्रक आलं की तिला कोणी म्हणतं का, आधी मुळशी बघ? हे ‘आधी आपलं गाव बघ’ नेहमी आम्हालाच का सांगतात? आपलं गाव आम्ही रोजच बघतो. शेणाच्या पाटीखालून बघतो.

मला ट्यूलिप नाही बघायचे. हॉलंडमध्ये काचघरात टोमॅटो मातीशिवाय, दगडी लोकरीच्या (दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या) ठोकळ्यांवर घेतात, आणि निचऱ्याचं पाणी गोळा करून पुन्हा वापरतात, ते मला बघायचंय. आमच्या पुस्तकात त्यावर अर्धं पान आहे आणि चित्र काळं-पांढरं.

बांधावरचा_बाभूळ

बाळा, चूक झाली. मुळशीचं पटलं. शब्द परत घेतो, चिखलदऱ्याची कॉफी सोडून.

कापूसकोंड्या

पोरीनं काकाले पार झोपोलं.

वरुडची_संत्री

शाब्बास पोरी. मग तूच बघ, त्या दहा दिवसांत काचघर किती तास आहे ते.

धामकाठची_लेक

पाहिलं. ‘ग्रीनहाऊस भेट: सकाळी १० ते १२’. त्याच दिवशी दुपारी ‘चीज फॅक्टरी व हिऱ्यांचं दालन’. दुसऱ्या दिवशी पॅरिस.

व्हिसाची_वारी

कोणीच कागदपत्रांवर बोललं नाही म्हणून लिहितो. पुतण्या असाच गेला होता, तो अनुभव.

शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज ९० युरो, नाकारला तरी ते गेले. ३० हजार युरोचा आरोग्यविमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आम्ही रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलो. खरी अडचण पुढंच. खर्च करणाऱ्याचं म्हणजे बापाचं आयकर विवरण मागतात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, तर आपल्यातले कितीजण विवरण भरतात? आम्ही सातबारा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या पावत्या, सगळ्याचं इंग्रजी करून जोडलं. बँकेच्या पुस्तकात वर्षभर साडेतीन हजार आणि शेवटच्या आठवड्यात एकदम तीन लाख, असं दिसलं की त्यांना शंका येते. मेहुण्याकडून उसने घेऊन भरू नका, दिसतं ते.

आणि परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कंपनी वसूल करते तो आयकर, कापतात, तो २ लाख ३५ हजारात धरलाय की वरून, हे विचारा. तो परत मिळतो, पण विवरण भरलं तरच.

आता धागाकर्ते म्हणतील मी घाबरवतोय. पण पहिला हप्ता ‘परत न मिळणारा’ आणि व्हिसा ‘मिळेलच असं नाही’, या दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात असतील तर धोका कोणाच्या डोक्यावर?

आजीचा_डबा

विषय गंभीर झालाय म्हणून: माझ्या नातवाला जाताना पेढे आणि घरचं तूप दिलं होतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत म्हणे तिकडे. विमानतळावर पेढे कचऱ्यात. त्या साहेबाच्या डोळ्यांसमोर चार खाऊन घेतले म्हणाला.

अंबानगरीकर

संत्रीसुद्धा प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. केळी, नारळ, अननस मात्र चालतात.

वरुडची_संत्री

म्हणजे जळगाववाल्यांना प्रवेश आणि वरुडवाल्यांना नाही? इथंही अन्याय! विदर्भाचा अनुशेष!

रिकामटेकडा_पुसद

ठेचा चालतो का ते सांगा कोणीतरी. मी कुठं जात नाहीये, पण माहीत असावं.

मास्तर_निवृत्त

धागा डब्यात गेलाय, बाहेर काढतो. पैशाचं.

समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पुष्कळांना आठवेल, पण ती अनुसूचित जातीच्या मुलांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. १२ दिवसांच्या दौऱ्याला उपयोग नाही.

छोट्या दौऱ्यांचं एक चांगलं उदाहरण जपानचं आहे. ‘साकुरा सायन्स’ म्हणून कार्यक्रम २०१४ पासून चालतो. त्यात तरुणांना थोड्या दिवसांसाठी बोलावतात आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च तेच उचलतात. पण अर्ज विद्यार्थ्यानं करायचा नसतो, जपानमधल्या यजमान संस्थेनं करायचा असतो. म्हणजे आपल्या कॉलेजच्या एखाद्या मास्तराची तिथल्या एखाद्या मास्तराशी ओळख हवी, दोघांनी मिळून काहीतरी विषय मांडायला हवा. तालुक्याच्या कॉलेजात गाडी इथंच अडते. मी स्वतः १७ पत्रं लिहिली होती एकेकाळी. उत्तर आलं दोघांचं. एकानं नकार दिला. दुसऱ्यामुळे माझा दुसरा दौरा झाला: नऊ मुलं, एकच गाव, १६ दिवस. पॅरिस नाही, काही नाही. त्यातला एक आज गावातच अवजारांचं दुकान चालवतो आणि तिथं पाहिलेलं पेरणीयंत्र स्वतः जोडून बघतो. दोनदा फसलंय. तिसऱ्यांदा माझ्याच शेतात करतोय.

कापूसकोंड्या

मास्तर, चवथ्यांदा आमच्या वावरात पाठवा. पन फसन तं बियान्याचे पैसे तुमच्याकडून.

धामकाठ

मंडळी, आठ दिवस लिहिलं नाही, माफ करा. फवारणी चालू होती.

परवा मुलीला घेऊन कॉलेजात गेलो. तुमचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. सर भला माणूस. दार लावून घेतलं आणि म्हणाले, खरं सांगतो, कार्यक्रम कंपनीनं दिलाय, मी त्यात फक्त ग्रीनहाऊस घालून घेतलं. श्रेयांक नाहीत, प्रमाणपत्र आहे. आधीचे वर्ग ठरलेले नाहीत. सलग दोनपेक्षा जास्त रात्री कुठंच नाहीत. टीसीएस वरून. ट्यूलिपचं विचारलं तर हसले आणि म्हणाले, ते माझ्याही लक्षात आलं होतं, पण पत्रक छापून झालं होतं.

मग मुलीनं विचारलं, सर, पॅरिस आणि ब्रुसेल्स काढून त्याच पैशात नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनजवळ सात दिवस राहिलो तर? तिथं शेतीचं विद्यापीठ आहे. सर म्हणाले, मग २० मुलं मिळणार नाहीत. पॅरिस आहे म्हणून पालक पैसे भरतात.

हे ऐकून मी गप्प बसलो. कारण बैठकीत पॅरिस ऐकल्यावर मीच आमच्या शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं होतं.

हप्ता भरला नाही. दौरा जातोय, २२ जणं झालीत. त्यात तिच्या दोन मैत्रिणी आहेत. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, पण कामापुरतं.

सेलूची_सून

भाऊ, बरोबर केलंत असं मी म्हणणार नाही. बाविसातल्या एखाद्या मुलीला तेवढे दोन तासही पुरतील. पण २९ क्विंटल हा आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

व्हिसाची_वारी

पासपोर्ट आहे का तिच्याकडे? नसेल तर आत्ताच काढून ठेवा. १,५०० रुपये, आणि दहा वर्षांचा. दहावी पास असल्यानं परदेशी जाण्याच्या परवानगीचा वेगळा शिक्काही लागणार नाही. उद्या साकुरा की काय ते आलं तर पासपोर्टाअभावी अडायला नको.

धामकाठची_लेक

पासपोर्टचा अर्ज भरला. पोस्टातल्या केंद्रात जाऊन फोटो, ठसे झाले. मास्तर सर, तुमच्या त्या १७ पत्रांतलं एखादं असेल तर पाठवाल का? आमच्या सरांना दाखवायचंय. ते म्हणाले, मसुदा तू लिही, सही मी करतो.

मास्तर_निवृत्त

पाठवतो. नकार आलेलंच पाठवतो, त्यातल्या चुका जास्त कामाच्या आहेत.

धामकाठ

काल चौकशीला पोलीस आले होते. गाडी दारात थांबली तशी निम्मी गल्ली गोळा झाली. शेजारच्या काकू विचारत होत्या, पोरीनं केलं काय? जमादारांनी चहा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि विचारलं, कुठं निघाली बाई?

ती म्हणाली, अजून ठरलं नाही.

पत्रक अजून कोनाड्यातच आहे. आता त्यावर तिनं पासपोर्टची पावती ठेवली आहे, आणि पावतीवर माझा चष्मा.

रिकामटेकडा_पुसद

ठेच्याचं उत्तर राहिलं.